उजव्या हाताचा एक्स-रे

डेव्हनपोर्ट, आयोवा. गुरुवार. तिसरा पेशंट.
नाव वेंडल क्रुपा, वय एकाहत्तर,
तक्रार : शर्टाची बटणं लागत नाहीत.
हात प्लेटवर ठेवा, म्हटलं, तर हसला.
"जन्मभर प्लेटच्या मागेच ठेवलाय."

काचेआडून मी बटण दाबलं
आणि पडद्यावर उगवलं
पानं झडलेलं, वाकडंतिकडं झाड.

अनामिका : पिओरिया, शहात्तर सालचा जून.
करंगळी दोनदा. दुसऱ्या खेपेला
आइस्क्रीमची काडी बांधली चिकटपट्टीनं
आणि पुढचा डाव.
मधलं बोट कुठं मोडलं, आठवत नाही.
"बसमध्ये कळलं बहुतेक. झोप लागेना."
अंगठ्याबद्दल मी विचारलं नाही.

आठ जण तोंड करून त्याच्याकडे,
तो एकटा त्यांच्याकडे,
पाठीशी पंच आणि लोक.
उकिडवं बसायचं, उठायचं, बसायचं,
एका संध्याकाळी दीडशे वेळा.
हिशेब मी नंतर केला, घरी, भांडी घासताना :
चौदा वर्षं, दोन लाखांच्या आसपास.
साबणाचा फेस कोपरापर्यंत आला होता.

वरच्या लीगमध्ये अकरा दिवस.
सप्टेंबर. कुणाचा तरी घोटा मुरगळला म्हणून.
तीनदा बॅट हातात, एक फटका,
तोही उजवीकडं, घरंगळत.
आईनं कात्रण ठेवलं होतं.
त्यात आडनावाचा शेवटचा आकार छापायचा राहिलेला.

मग कोच.
पाण्याच्या बादल्या, च्युइंगगमचे डबे,
आणि एकोणीस वर्षांची पोरं,
ज्यांना वाटतं चेंडू पकडायचा असतो.
"पकडायचा नाही. अडवायचा.
हनुवटी खाली. छाती पुढं.
डोळे मिटतात. सगळ्यांचेच मिटतात.
मिटले तरी बसून राहा."

पुराच्या साली मिसिसिपी चढली
आणि नदीकाठचं मैदान बेट झालं.
तेव्हा स्टँडखालच्या बोळात, बल्बच्या उजेडात,
यादिएल नावाच्या मुलाला
टेनिसचे चेंडू मारले त्यानं, आठवडाभर, छातीवर.
याला स्पॅनिश येईना, त्याला इंग्रजी.
बाहेर पाण्यात बाकडी तरंगत होती.

यादिएल वर गेला.
अकरा दिवसांहून जास्त टिकला?
"बारावा मोजला," म्हणाला. "मग सोडलं मोजायचं."

मूठ करा, म्हटलं.
केली. मिटली नाही.
एका चेंडूइतकी जागा आत उरली.

तुमच्या भाषेत कॅचला काय म्हणतात?
मी सांगितलं, झेल.
"जेल?"
खूप वेळ हसला, खोकला येईपर्यंत.
"बरोबर आहे. शिक्षाही तेवढीच भोगली."
या शब्दाचं क्रियापद केलं
की तो चेंडू सोडून भलत्याच गोष्टी झेलू लागतो,
हे मी सांगितलं नाही.
चौथा पेशंट बाहेर वाट बघत होता.

आता खुणा उरल्या नाहीत, म्हणाला.
हल्ली पोरांच्या मनगटाला यंत्र असतं,
बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज.
मांड्यांच्या मधे बोटं सोडून बसायचं,
एक म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा,
ते सगळं संपलं.
तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात.
कोट चढवताना बाही सापडेना, मी धरली.

दाराबाहेर खुर्चीत बायको, आर्डिस,
मांडीवर मासिक, उलटं धरलेलं.
नर्सनं तिला दोनदा नाव विचारलं होतं
आणि दोन्ही वेळा ती नुसती गोड हसली होती.

क्रुपा उंबऱ्यावर थांबला.
हात मांडीजवळ, तळवा आत,
दोन बोटं खाली.

आर्डिसनं मासिक मिटलं,
पर्स उचलली
आणि उठली.